टपमामाचं फाटक

ताईच्या गोठ्यात बत्तीस गाई आणि फाटकावर तिचा धाकटा भाऊ. भाचरं त्याला टपमामा म्हणत. फाटकात औषधाच्या पाण्याचा उथळ टप होता आणि मामा त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसे. आत येणाऱ्यानं आधी बूट टपात बुडवायचे, मगच गाईंकडे जायचं. इतकं सोपं, म्हणूनच कुणी करत नसे.

दूधगाडीवाला टुणकन उडी मारी. "मामा, काल बुडवले होते की!" पेंडवाला काठावरून तिरपा सरके. "माझे चामड्याचे आहेत हो!" खुद्द ताई लांब ढांग टाकी. "मी घरचीच ना रे!" जणू विषाणू आधी नातं विचारतो.

अशात शेजारच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत आला. गाईंच्या तोंडाला लाळेच्या तारा, खुरांत फोड. ताईच्या गाईंना लस टोचून चारच दिवस झालेले. लसीचा जोर चढायला अजून दहा दिवस तरी हवे होते. मामा जेवायलाही खुर्ची सोडेना.

आणि तपासणीचे साहेब आले ते थेट त्याच गोठ्यातून. बुटांना शेण तसंच.

"साहेब, पाय."

"अहो, या टपाचं परिपत्रक मीच काढलंय!"

"मग पाठच असेल. बुडवा."

"ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. मी तपासायला आलोय!"

मामानं खुर्ची टपापलीकडे मधोमध मांडली आणि ठाण मांडलं. ताई धावत आली. "अरे, सही नाही मिळाली तर दूध बंद करतील! जाऊ दे त्यांना!"

"दूध आठवडाभर बंद राहील, ताई. ते बूट आत गेले तर गाईच बसतील."

मग त्यानं वही उघडली आणि मोठ्यानं म्हणत लिहू लागला, "साहेब... आजारी गोठ्यातून... बूट न बुडवता..."

"हे काय लिहिताय?"

"नोंद. दर महिन्याला वर पाठवायची. परिपत्रकातच आहे."

परिपत्रक लिहिणाऱ्याला साहेबांनी मनात शिवी हासडली. मग तो कोण ते आठवलं.

"आधी शेण खरवडा," मामानं ब्रश पुढे केला.

बुटांची चकाकी गेली, पण तपासणी झाली, सहीही झाली. ताई साहेबांना गाडीपर्यंत सोडून आली आणि सवयीनं ढांग टाकणार, तोच खुर्ची आडवी.

"ताई, पाय."

"अरे, मी घरचीच..."

"चप्पल त्यांच्या गाडीपाशी जाऊन आलीय."

ताईनं पाय असा आपटला की मामाची विजार भिजली. "झालं समाधान?"

"दुसरा."