श्रीपाल रक्त द्यायला येतो

दुपारचे साडेतीन. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात रक्तपेढीबाहेरच्या बाकावर माझा डोळा लागतो आणि श्रीपाल शेजारी येऊन बसतो. माझा धाकटा भाऊ. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. जाऊन वीस वर्षं झाली.

"अक्का, पेपरवाली माणसं कामावर झोपतात व्हय?"

"तू पद्मजाला न्यायला आलायस?" मी सरळ विचारते. गेलेलं माणूस स्वप्नात आलं की कुणाला तरी बोलावतं, असं आमच्याकडे मानतात. त्याची मुलगी आत आहे. सकाळी बाळंत झाली. बाळ ठीक आहे. तिचा रक्तस्राव थांबत नाही.

"तसं असेल तर माघारी जा. ती मिळणार नाही."

"अजून तशीच हाईस," तो हसतो.

बाक आता लग्नाच्या मांडवात आहे. श्रीपालच्या कपाळावर मुंडावळ्या, समोर मामाची सुनंदा. मामाची मुलगी असताना बाहेरची सोयरीक बघायची आमच्यात रीत नव्हती. पाहुणे अक्षता टाकतात. त्या ओल्या, लाल आहेत आणि जमिनीवर पडताच एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात.

"हे काय गं?"

पेपरात बातमी लिहिते तसं मी सांगते. रक्तपेशींवर एक मूळ पदार्थ असतो, त्याच्यावर ए आणि बी तयार होतात. ओ गटातही तो असतो. आपल्यात तोच नाही. १९५२ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी हे जगापुढे मांडलं, म्हणून हा बॉम्बे गट. आई-बाप दोघांकडून आला तरच उतरतो. नात्यातल्या लग्नांत ते जुळतं. साध्या तपासणीत मात्र ओ दिसतो.

"म्हणून मला ओ चढवलं."

"आणि तुझं रक्त त्याच्यावर तुटून पडलं. पुढची तपासणी कुणी केलीच नाही."

"पोरीची?"

"मी करायला लावली. जावई ओरडत होता, पिशवी दारापर्यंत आली होती. मी दार सोडलं नाही. मग तिचं रक्त त्या ओशी मिसळून तपासलं. असेच गोळे झाले."

मांडवाचा खांब सलाइनचा स्टँड झालाय. श्रीपाल बाही वर सरकवतो. "माझं घ्या."

"मेलेल्याचं चालत नाही."

"मग तुझं? गट एकच की आपला."

"वय झालं म्हणतात. सकाळपासून भांडतेय."

"म्हातारी झालीस की गं!" तो पोट धरून हसतो आणि एकदम थांबतो. माझा दंड घट्ट पकडतो. "ती माझ्याकडं यायची नाही, अक्का. दार सोडू नकोस."

"मी कुठं सोडतेय?"

"मावशी, उठा," रक्तपेढीतला तंत्रज्ञ हलवतो. माझ्या दंडावर काळ्या ग्रीसचा अंगठा उमटलाय. मी रुमालाने पुसते. पसरतो, जात नाही.

जावई समोर उभा. "आत्या, पिशवी वेळेत आली नाही तर?"

"तरी ओ नाही," मी म्हणते आणि वॉर्डच्या दाराशी जाऊन उभी राहते.

बॉम्बे गटाची पिशवी घेऊन पुण्याहून निघालेल्या गाडीने कराड ओलांडल्याचा फोन आला होता. त्यानंतर ड्रायव्हरचा फोन लागलेला नाही. पद्मजा शुद्धीवर आहे.