चौकोनी नदीला दहापैकी सहा

खेळ अर्धवट टाकून त्याला गुण देणारे लोक खोटारडे असतात. मी कुणाचं नाव घेत नाही. ज्याला लागायचं त्याला हे वाक्य वाचतानाच लागलं असेल.

पुढचे किस्से आमच्या तिघांच्या टोळक्यात कुणी मुद्दाम जमवले नाहीत. यंत्रमागाच्या खोलीत कापसाचे तंतू साचतात तसे ते साचत गेले. आता हात फिरवला की मूठभर निघतात. आणि हे सगळे एकाच व्हिडिओ गेमचे आहेत.

गेम जपानी. नवा कोरा, पण मुद्दाम तीस वर्षांपूर्वीच्या गेमसारखा बनवलेला. झाड, घर, माणूस, सगळं लहान लहान रंगीत चौकोनांनी काढलेलं. आपण तलवार घेऊन गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, राक्षसांशी लढायचं आणि लढता लढता तयार व्हायचं. नकाशा मिळत नाही. बाण दाखवून रस्ता सांगणारं कुणी नाही.

आमच्यातला श्रीनू अशीच चौकोनी चित्रं काढतो, कॉम्प्युटरवर. त्याला पोटापाण्यासाठी तेच करायचं आहे. वडिलांनी त्याला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर मामाच्या औषधांच्या दुकानात बसायचं. तेवढ्यात हा गेम आला. श्रीनू म्हणाला, "जगभरातले लोक याला चांगलं म्हणाले, की मी ते नायनांना दाखवणार." नायना म्हणजे त्याचे वडील. घरात ते तेलुगू बोलतात.

म्हणून आम्ही परीक्षणांची वाट बघत बसलो. परीक्षेच्या निकालाची कधी इतकी बघितली नव्हती.

*

पहिल्या दिवशी दोन मोठ्या परदेशी वेबसाइटची परीक्षणं आली. एकाचं म्हणणं, नकाशा नसल्यामुळे गेम वाया गेला. दुसऱ्याचं म्हणणं, नकाशा नाही हीच या गेमची जान आहे. दोघांनीही दहापैकी सातच दिले.

मी चिडले. एकाच गोष्टीसाठी एक गुण कापतो, दुसरा वाढवतो आणि दोघे एकाच आकड्यावर कसे पोचतात?

सागर शांतपणे शेंगा सोलत होता. सागर नातेपुत्याचा, कॉलेजपासून आमच्यात. म्हणाला, "सोपं हाय की. सात आदी ठरवायचं, मग कारण हुडकायचं. आमच्याकडं पोरगी बगायला येत्यात तवा असंच करत्यात."

*

बहुतेकांची तक्रार होती की गोष्ट फार पातळ आहे. गावातली माणसं एकेक वाक्य बोलतात आणि गप्प होतात.

सागरने गेम घेतला आणि पहिले तीन तास तलवार काढलीच नाही. पहिल्याच गावात घराघरात शिरून प्रत्येकाशी बोलत बसला. सगळ्यांशी बोलून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

श्रीनू वैतागला. "अरे, लढ की कुणाशी तरी."

"गावात शिरल्यावर मानसाला इचारायचं न्हाय व्हय? कसं वाटंल ते?"

चौथ्या फेरीत विहिरीवर बसलेली म्हातारी वेगळंच बोलली. तिचा मुलगा त्याच राक्षसाशी लढायला गेला होता, ज्याला मारायला आपण निघालो होतो. तो परत आला नव्हता. तिने त्याची घरी राहिलेली ढाल आमच्या हातात दिली. मग कळलं, गावातला प्रत्येक माणूस असाच आहे. एकदा विचारलं तर एकच वाक्य बोलतो. पुन्हा पुन्हा विचारलं तर मन मोकळं करतो.

तोवर आलेल्या एकाही परीक्षणात ही म्हातारी नव्हती. सागर एवढंच म्हणाला, "दोनदा इचारलंच नसंल कुनी."

*

आता माझा किस्सा. तो सांगितला नाही तर वरच्या पहिल्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

मी एका लहानशा मराठी वेबसाइटवर गेमबद्दल लिहिते. संपादकांना दोन दिवसांत परीक्षण हवं होतं. मी सहा तास खेळले होते. दुसऱ्या गुहेत वाट चुकले, तीनदा मेले आणि राग आला. त्या रागातच लिहायला बसले. "चित्रं कष्टाने काढलेली आहेत, पण आता या चौकोनांचा काळ संपला," असं एक वाक्य सुचलं. मला ते फार आवडलं. दहापैकी सहा दिले आणि पाठवून दिलं. म्हातारीपर्यंत मीही पोचले नव्हते.

श्रीनूने गेमचं कौतुक करणारी सात-आठ परीक्षणं छापून वडिलांसमोर ठेवली होती. सगळी इंग्रजी. काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, इंग्रजी येत नाही. त्यांनी पुतणीला सांगून मोबाईलवर त्या गेमबद्दल मराठीत काय आहे ते शोधायला लावलं. मराठीत एकच सापडलं. माझं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काका दारातच म्हणाले, "बरं लिहिलंस, पोरी. मी एवढी वर्षं हेच सांगतोय. माझं ऐकत नव्हता, तुझं तरी ऐकेल की."

श्रीनू मागे उभा होता. छापलेली परीक्षणं गोळा करून तो आत निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

*

काकांबद्दल सांगायला हवं. त्यांनी तीस वर्षं चादरींची डिझाईनं काढली. आलेखाच्या कागदावर, एकेक चौकोन रंगवून. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं मागावर चढवायची, की चादरीवर मोर उतरतो. मग कॉम्प्युटर आले आणि काकांना डिझाईन मागायला येणारे थांबले. आता घराखालच्या चार मागांवर ते दुसऱ्यांची डिझाईनं विणतात.

"चौकोनांत मी जन्म घालवला," ते श्रीनूला म्हणायचे. "तू घालवू नको."

मी त्या आठवड्यात गेम शेवटपर्यंत खेळले. एकोणपन्नास तास लागले. मग दुपारच्या सुट्टीत, माग बंद असताना, लॅपटॉप घेऊन खाली गेले. चादरींच्या घड्या घालणाऱ्या यल्लव्वा मावशी कोपऱ्यात भाकरी खात होत्या. श्रीनू नको नको म्हणत मागून आला.

"काका, मी चुकीचं लिहिलं," मी म्हणाले. "पूर्ण न बघता लिहिलं. तुम्ही एकदा बघा."

त्यांनी चष्मा लावला. मी तलवारवाल्याला गावातून चालवत पुलावर आणलं. खाली नदी वाहत होती, निळ्याच्या तीन छटांची. काका बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मावशींची भाकरी संपली.

"थांबव," ते म्हणाले.

स्क्रीनजवळ वाकले आणि पुलाच्या डाव्या खांबाखाली बोट ठेवलं. "इथं तुटलंय. बाकी सगळीकडं लाट आठ घरांनी, आठ चौकोनांनी, फिरून येते. इथं सातच घेतली."

श्रीनूने चित्र मोठं केलं. आम्ही दोघांनी मोजलं. सातच होती. जगातल्या एकाही परीक्षकाला हे दिसलं नव्हतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि ते जेवायला वर निघून गेले.

श्रीनूने लॅपटॉप मिटला. "झालं," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या गेममध्ये त्यांना चूकच दिसली."

यल्लव्वा मावशी डबा धुवायला उठल्या. "येडा हाईस व्हय रे?" त्या म्हणाल्या. "टाकाऊ मालातली चूक मालक कवा दावत्यात? त्यो माल तर बगत बी न्हाईत, नुसता बाजूला सारत्यात."