चष्मा राहू दे म्हणून केलेलं ऑपरेशन

"दोनों आँखों में मोतिया है. राइट में ज़्यादा," डॉक्टर म्हणाले. मशीनवरून हनुवटी उचलायला त्यांनी मला सांगितलं आणि पुढचा प्रश्न माझ्या मुलाला विचारला. "तो कब करवाना है?"

डोळे माझे, मोतीबिंदू माझा, आणि तारीख निखिलला विचारत होते. माझं वय अडुसष्ट. बँकेत नोकरी करून निवृत्त झाले, राजेंद्र नगरच्या घराचं कर्ज मी फेडलं. पण दवाखान्याच्या खुर्चीत बसले की मी 'आंटीजी' होते आणि माझ्याशी बोलण्याऐवजी माझ्याविषयी बोललं जातं. तो राग मला तिथेच आला आणि पुढचे दोन महिने तो माझ्या फार उपयोगी पडला.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतलं आपलं स्वतःचं भिंग गढूळ होणं. इंग्रजीत कॅटरॅक्ट. औषधाने जात नाही, थेंबांनी विरघळत नाही. ते भिंग काढून कृत्रिम लेन्स बसवावी लागते. बस, इतकंच. मला हे आधी माहीत नव्हतं, म्हणून मी कुंकवाच्या दुकानदाराशी भांडले होते. त्याने दिलेलं कुंकू मला विटकरी दिसायला लागलं होतं. मी पुडी परत केली, भेसळ करतोस म्हणून चार शब्द सुनावले. बिचारा म्हणत होता, "माताजी, वही माल है." माल तोच होता. माझाच डोळा पिवळा पडला होता.

कुंकू मला बरंच लागतं, कारण मी गेजवस्त्रं करते. देवाला घालायची ही कापसाची वस्त्रमाळ. कापूस ओढायचा, पिळून मण्यासारख्या गाठी करायच्या, मधेमधे कुंकवाची बोटं लावायची. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, जवळ आल्या की आमच्या ह्या हिंदी शहरात छत्रीबागेपासून स्नेहलतागंजपर्यंतच्या मराठी घरांतून मला फोन येतात. विकतचं गेजवस्त्र मिळतं, पण ते मशीनमधून निघाल्यासारखं जाड असतं. माझ्या आईने शिकवलेलं बारीक असतं. नोकरीत आयुष्यभर मी दुसऱ्यांची कामं केली. हे एक काम माझ्या बोटांचं आहे आणि ते मला कुणाच्या मेहरबानीवर सोडायचं नव्हतं.

आता माझी काम करायची पद्धत सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच फिरली. मला लहानपणापासून मोठा मायनस नंबर आहे. चष्म्याशिवाय समोरच्या घराचा दरवाजा दिसत नाही. पण चष्मा काढून वस्तू नाकाशी आणली की मुंगीचा पायसुद्धा दिसतो. कापसाचं काम मी असंच करते. चष्मा काढून ठेवायचा आणि कापूस नाकाजवळ धरायचा.

पहिल्या हॉस्पिटलमध्ये तपासणीनंतर आम्हाला काउन्सेलरकडे पाठवलं. काउन्सेलर म्हणजे खर्च समजावून सांगणारी मुलगी. गोड बोलणारी. तिच्या चकचकीत कागदावर तीन पॅकेजेस होती, लग्नाच्या हॉलची असतात तशी. पहिलं मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी लेन्स. दुसरं टोरिक, म्हणजे बुबुळाची गोलाई वाकडी असेल तर तो दोषही सुधारणारी. तिसरं मल्टिफोकल, म्हणजे दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी. त्यात 'लेझर'चे पैसे वेगळे. तिसऱ्या पॅकेजमध्ये दोन्ही डोळ्यांचं मिळून माझं निम्म्या वर्षाचं पेन्शन गेलं असतं.

"सर, मम्मीजी के लिए ये वाला बेस्ट रहेगा. चश्मा ही हट जाएगा," ती निखिलला म्हणाली. "आज बुक करेंगे तो डिस्काउंट भी है."

निखिल पुण्याहून दोनच दिवसांसाठी आला होता. तो म्हणाला, "आई, पैशांचं टेंशन तू घेऊच नको. बेस्टवाला टाकून घे ना."

"ह्यात माझ्यासाठी बेस्ट कोणता, हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"अगं, सगळ्यात महाग आहे म्हणजे..."

मी पर्स उचलली. त्या मुलीला म्हटलं, "बेटा, मैं आज कुछ बुक नहीं करूँगी." ती हसतच होती, पण निखिलचे कान लाल झाले.  

घरी आल्यावर ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, निकाल दिला. "फालतूची जिद्द करू नकोस. माझं झालं ना? साधी लेन्स, काही झंझट नाही. बघ, तो समोरचा बोर्ड वाचून दाखवू?" पाच वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हे गॅलरीत उभे राहून बोर्ड वाचून दाखवतात. कुणी विचारो न विचारो.

त्याच संध्याकाळी जेवताना ह्यांना वरणात केस असल्यासारखं वाटलं. वाटी हातात धरून हे ओरडायला लागले, "अगं, माझा चष्मा कुठे आहे? जवळचा!" मी माझा चष्मा कपाळावर सरकवला, वाटीत डोकावले आणि म्हटलं, "कोथिंबीर आहे. खा."

आणि घास हातातच राहिला. ह्यांना ऑपरेशननंतर दूरचं लख्ख दिसतं, पण ताटातलं बघायला चष्मा लागतो. सगळ्यांना लेन्स अशीच बसवतात, दूरच्यासाठी. माझ्या डोळ्यात तशी बसवली की मी समोरचे बोर्ड वाचीन आणि कापूस नाकाशी धरला की मला पांढरा धूर दिसेल. जन्मभर जे मला उघड्या डोळ्यांनी दिसलं, तेच काढून घेणार, आणि वर माझं अभिनंदन करणार. हे मला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, काउन्सेलरने सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं की मी दिवसभर काय करते. मला खरोखर भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त संताप आला.

मग मी चौकशी सुरू केली. बँकेत कर्जाचे कागद तपासायचे तशीच. काय कळलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी आज त्याच खुर्चीत बसलेलं असेल.

सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं. ट्रस्टच्या हॉस्पिटलात थोड्या पैशांत होतं. सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळतं. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मला सल्ला दिला की दोन वर्षं थांब, कार्डावर कर, तोवर मोतीबिंदूही पिकेल. पिकायची वाट बघायची, हा जुन्या काळचा हिशोब आहे. फार पिकला तर तो कडक होतो आणि काढायला अवघड जातो, असं मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या मेडिक्लेमचं असं निघालं की साध्या लेन्सपुरते पैसे ते देणार, महागडीचा वरचा फरक आपल्या खिशातून. हे मी पत्र लिहून विचारलं तेव्हा कळलं. फोनवर "हाँ जी, सब कवर है" असंच म्हणत होते.

ऑपरेशनची नावंही ऐकायला मोठी आहेत. फेको म्हणजे बारीक छेदातून आत जाऊन कंपनांनी जुनं भिंग फोडायचं आणि ओढून घ्यायचं. टाका बहुधा लागत नाही. लेझरमध्ये त्यातली काही कामं मशीन करतं, पण भिंग बाहेर काढायला शेवटी फेकोच.

दुसऱ्या हॉस्पिटलात मी एकटी गेले. ट्रस्टचं होतं, बाकांवर दाटीवाटीने माणसं, पंख्याचा आवाज, आणि नाव पुकारलं की तिघं एकदम उठत. डॉक्टर तरुण बाई होत्या. डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून त्यांनी पडदा तपासला, म्हणजे रेटिना. मोठ्या मायनस नंबरवाल्यांचा पडदा कधी कधी पातळ असतो, ते ऑपरेशनआधी बघावं लागतं. पहिल्या ठिकाणी ह्याबद्दल अवाक्षर नव्हतं. मग बायोमेट्री झाली, म्हणजे डोळ्याची लांबी मोजून लेन्सचा नंबर काढायची तपासणी.

"दूर का एकदम साफ हो जाएगा," त्या म्हणाल्या.

"मुझे दूर का नहीं चाहिए," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मतलब?"

मी पर्समधून कापूस काढला. चष्मा उतरवला आणि तिथेच, त्यांच्या टेबलासमोर, गेजवस्त्राच्या चार गाठी वळल्या. डोळ्यांत थेंब होते, सगळं अंधुक होतं, पण बोटांना वाट माहीत होती. "ये काम मैं बिना चश्मे के करती हूँ. ऑपरेशन के बाद भी करना है. चश्मा दूर के लिए रहने दो, मेरी आदत है."

रागावतील असं वाटलं होतं. त्या उठल्या, ड्रॉवरमधून मोजपट्टी काढली आणि माझ्या डोळ्यापासून कापसापर्यंतचं अंतर मोजलं.

"इतना पास तो नहीं रख पाऊँगी," त्या म्हणाल्या. "पर लेंस का नंबर ऐसे चुन सकते हैं कि आपको माइनस तीन के आसपास छोड़ दें. तब ये काम यहाँ होगा." त्यांनी माझा हात धरून कापूस नाकापासून लांब नेला. साधारण दीड वीत. "दूर के लिए चश्मा लगेगा, पर पतला. थोड़ा इधर-उधर हो सकता है, लंबी आँख में हिसाब कभी चूक जाता है. गारंटी नहीं दूँगी."

"और मल्टिफोकल?"

"उसमें रोशनी बँट जाती है. रात को लाइट के चारों ओर गोले दिख सकते हैं, बारीक फर्क थोड़ा कम पकड़ में आता है. बहुत लोग खुश हैं उससे. पर आप सफेद पर सफेद का काम करती हैं. मैं आपको नहीं दूँगी."

म्हणजे जी लेन्स मला हवी होती ती सगळ्यात साधी, सगळ्यात स्वस्त होती. फक्त तिचा नंबर दुसरा. मी विचारलं, "हे आधी कुणी का नाही सांगितलं?" मराठीतच विचारलं, रागात भाषा बदलायचं राहून गेलं. त्यांना कळलं. "कोई माँगता नहीं, माँजी. और हमारे पास भीड़ इतनी है कि हम भी नहीं पूछते," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी डॉक्टर माझ्याशी खरं बोललं.

घरात अर्थातच रण माजलं. फोनवर निखिल म्हणाला, "आई, लोक चष्मा घालवायला ऑपरेशन करतात आणि तू चष्मा ठेवायला करते आहेस? लोग क्या बोलेंगे, पैसे वाचवले?" मी म्हटलं, "बोलू देत. त्यांना काय माझ्या डोळ्यांनी बघायचंय?" हे म्हणाले, "ऐकणार नाहीसच तू." पण सकाळी माझी फाइल ह्यांनीच पिशवीत भरून ठेवली होती.

ऑपरेशनचं वर्णन करण्यासारखं फार काही नाही. डोळा बधिर करतात, तोंडावर हिरवं कापड, मधे एक दिवा. दुखलं नाही. रंगीत प्रकाश पाण्यात हलल्यासारखा दिसला. डॉक्टरबाई म्हणत होत्या, "बस माँजी, हो गया." संपल्यावर मी टेबलावर आडवी असतानाच विचारलं, "माइनसवालाच टाकला ना?" सगळे हसले. मी हसले नाही.

दोन ऑपरेशनांमधले दिवस मात्र त्रासाचे गेले, ते सांगितलं पाहिजे. एका डोळ्याचा नंबर जुना, दुसऱ्याचा नवा. जुना चष्मा घातला की जमीन वाकडी. एका बाजूची काच काढून टाकली, तरी जिना उतरताना हे हात धरायचे. कापसाला हात लावायचा नाही, धूळ नको म्हणून. मी चिडचिडी झाले. एका दुपारी रडलेसुद्धा, आपणच आपल्या हट्टाने डोळा घालवला असं वाटून. डोळ्यात थेंब घालता घालता हे म्हणाले, "रडू नकोस, औषध वाहून जातं." ह्यांचं सांत्वन असंच असतं.

दुसऱ्या डोळ्याच्या आधी डॉक्टरबाईंनी नवा पर्याय काढला. "एक आँख पास की, एक दूर की, मोनोव्हिजन. चाहें तो." ह्यावेळी मी हट्ट केला नाही. आठ दिवस मागून घेतले, तोच एका काचेचा चष्मा घालून, एका डोळ्याने दूरचं आणि एकाने जवळचं बघत घरात फिरले, विचार केला. मग सांगितलं, दोन्ही जवळचेच. त्यांनी लिहून घेतलं. निखिलला कुणी काही विचारलं नाही.

मी त्या डॉक्टरबाईंची ऋणी आहे. त्यांच्या कौशल्याबद्दल तर आहेच, पण त्या मोजपट्टीबद्दल जास्त. आणि तुम्हाला सांगते, माझी लेन्स तुमच्यासाठी योग्य असेलच असं नाही. तुम्ही रात्री गाडी चालवत असाल तर तुमचा हिशोब वेगळा. पण पॅकेज ऐकण्याआधी तुम्ही स्वतः सांगा की दिवसभर तुमच्या हातात काय असतं, आणि ते किती अंतरावर असतं. न विचारताच सांगा. त्यांना घाई असेल, तुम्हाला नाही.

परवा हे गॅलरीतल्या वेलासाठी बांबू तासत होते. बोटात कुसळ गेलं. आधी स्वतःच खटपट केली, जवळचा चष्मा सापडेना, मग सुई घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. हात पुढे केला. मी चष्मा काढला, बोट दीड वीत लांब धरलं, थोडं उजेडाकडे वळवलं. कुसळ दिसलं. बोटावरच्या रेषा दिसल्या, नखाशेजारचा जुना व्रण दिसला, कातडीचा रंग जसा आहे तसा दिसला. सुईच्या टोकाने एका झटक्यात काढलं.

"निघालं?" ह्यांनी विचारलं.

"निघालं."

'तुझंच बरोबर होतं' असं हे म्हणणार नाहीत, एवढ्या वर्षांच्या संसारात कधी म्हटलेलं नाही. हात तसाच माझ्या हातात ठेवला. मग दुसरं बोट पुढे केलं.

"बघ जरा, इथेही काहीतरी टोचतंय."

मी नीट बघितलं. तिथे काही नव्हतं. मी बघत राहिले.