सुसानाच्या बरणीतला द्राक्षारस

सुसानाला मडकं कळायचं. नवापूरच्या डोंगरातल्या तिच्या आईनं तिला मोहाची फुलं आंबवायला शिकवलं होतं. रोज झाकण काढायचं, वास घ्यायचा, कान लावून ऐकायचं आणि नाकानं हो म्हटलं की भट्टी लावायची. पुढे बाप्तिस्मा झाला, मडकी गेली, नाक तेवढं राहिलं.

तिचा नवरा पौलस धानोऱ्याकडचा, म्हणून घरात अहिराणी. बाप्तिस्म्यानंतरही तो चोरून पिताना सापडला आणि पाद्रीसाहेबांनी त्याला प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या, मेजावरून उठवलं. या गोष्टीला चार वर्षं झाली. दारू सुटली खरी, पण तोवर छातीच्या दुखण्यानं त्याला खाटेवर पाडलं होतं. १९४२ च्या हिवाळ्यात पाद्री म्हणाले, "पुढच्या फेरीला पौलसला मेजावर घेऊ." पौलस ढसाढसा रडला. मरण्याआधी त्याला एवढंच हवं होतं.

पण लढाईपायी सुरतेहून येणारी द्राक्षारसाची बाटली बंद झाली होती. मग पाद्रींनी सुसानालाच मनुकांपासून तो करायला शिकवलं. ज्या तोंडानं दारू सोडा म्हणायचं, त्याच तोंडानं ती कशी होते ते सांगायचं, म्हणजे बिचाऱ्यांची पंचाईतच. "खमीर म्हणजे बारीक जीव, बाई. ते साखर खातात, हवा सोडतात, म्हणून बुडबुडे येतात आणि मागं मद्य उरतं. बुडबुडे थांबले की बरणी काठोकाठ भरून मेणानं बंद करा. मग उघडायची नाही. बाहेरची हवा लागली की दुसरे जीव शिरतात आणि त्याचा सिरका करतात."

सुसानानं मान डोलावली. तिला हे नवंच होतं. मोह आंबला की थेट भट्टीवर चढायचा, त्याला बिघडायला वेळच कुठे मिळायचा?

तिनं बरणी भरली, मेण लावलं. तिसऱ्या दिवशी पौलस खाटेवरून म्हणाला, "व्हयना का तो? जरासा वास लेऊ दे." पाद्रींचे शब्द तिला आठवले. पण दोन घास न जाणारा माणूस काहीतरी मागत होता. तिनं मेण काढलं. पौलसनं वास घेतला, हसला आणि शांत झोपला. मग रोजचंच झालं. एवढ्याशा हवेनं काय होतंय, असं ती मनाला समजावी. खरं सांगायचं तर तिच्या नाकालाही राहवत नव्हतं. पुढे पुढे वासाला आंबट धार आली. ती तिला कळली, तरी ती बोलली नाही. आपण तिला माफ करू, पण तिनं स्वतःला कधी केलं नाही.

पाद्री आले. त्यांनी थेंबभर चाखून बरणी बाजूला ठेवली. "ही रोज उघडत होतात, बाई?"

सुसाना काही बोलण्याआधीच पौलस म्हणाला, "तिले बोलू नका, साहेब. मीच वास मांगी ऱ्हायंथू. माले काय माहीत, बिघडी जाई."

सिरका मेजावर ठेवता येत नाही, चार दिवसांत कुठून तरी बाटली मिळवतो, असं सांगून पाद्री गेले. मला सगळं माहीत होतं, हे सुसानाच्या जिभेवर आलं आणि परत गेलं. उद्या सांगू, असं म्हणत दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी पौलस म्हणाला, "मन्ही खोड परत मन्हा आडवी उनी, सुसाना." आपल्या पिण्याच्या खोडीनंच मेज पुन्हा हुकलं, असं त्याला वाटत होतं. आता सांगायचंच, असं ठरवून ती त्याच्यासाठी पाणी आणायला उठली. परतली तेव्हा तो गेलेला होता.

चौथ्या दिवशी पाद्री बाटली घेऊन आले. सुसाना ताज्या मातीशी बसून एकच सांगत होती, "माले माहीत व्हतं. तुन्ही खोड नही, मन्ही चूक शे."