खुर्ची परत नेली तो दिवस

जैनथकडच्या त्या गावात व्हीलचेअर देणाऱ्या आमच्या संस्थेची जीप शिरली, तेव्हा एका बाईच्या अंगणात आधीच माणसं जमली होती. कापसाच्या गाडीवरून पडून त्या बाईचा मणका मोडला होता आणि कमरेखालचं तिला काहीच कळेनासं झालं होतं. तेव्हापासून ती बाजेवर होती. तिची मापं मीच घेतली होती. त्या मापाची व्हीलचेअर यायला इतका उशीर झाला, की घरच्यांनी आशाच सोडली होती.

लोकांना बाहेर थांबवून मी दार लावलं. तिच्या जावेच्या मदतीनं तिला कुशीवर वळवलं. खुर्चीत बसवण्याआधी मी अंग बघतेच. लुगडं सरकवलं आणि वास आला. पडून राहून माकडहाडावर जखम झाली होती; कडा काळ्या, आत खोल.

"दुखतं का, ताई?"

"नाई, काईच नाई," ती हसून म्हणाली. "बसवा न आता."

दुखत नव्हतं, हीच तर भीती होती. जखमेवर भार पडला असता तर ती हाडापर्यंत गेली असती. उटनूरकडे अशाच जखमेनं दगावलेला एक माणूस मला माहीत होता.

बाहेर येऊन मी सांगितलं, खुर्ची आज देता येणार नाही. तिचा दीर पुढे आला आणि त्यानं जीपची चावी काढून घेतली.

"देत नाई तं आनली काऊन? आमची गंमत करून राह्यल्या काय?"

मी समजावत होते, तेवढ्यात ऑफिसातून साहेबांचा फोन आला. खुर्ची दिल्याचा फोटो अजून का नाही, असं ते तेलुगूत विचारत होते. मी कारण सांगितलं.

"थोडा वेळ बसवा, फोटो काढा, मग झोपवा."

"सर, आम्ही निघाल्यावर तिला परत कोण झोपवेल? ती खुर्चीतून उतरणारच नाही."

त्यांनी फोन ठेवला. अंगणातला गलका वाढत चालला होता. मी पुन्हा आत गेले, तिला विचारून जखमेचा फोटो काढला आणि मोबाइल तिच्या हातात दिला. ती बघतच राहिली.

"हे माह्यं हाय?"

"हो, ताई."

"मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

जावेनं पदर तोंडाला लावला. "म्या पायलं होतं. वाटलं, खुर्ची आली की बरं होईल," ती रडत म्हणाली.

पडल्यापडल्याच बाईनं हाक मारली, "भाऊजी, इकडं या!" दीर दारात आला. तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला. "चावी देऊन द्या. आन मले गाडीत टाका. दवाखान्यात जातो मी."

त्यानं एकदा पाहिलं, मान फिरवली आणि चावी माझ्या हातात दिली. खुर्ची टपावर बांधावी लागली. मागच्या सीटवर ती कुशीवर पडली होती, डोकं जावेच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून बघत होते.

जखम भरेपर्यंत शेतातला कापूस वेचून संपला. मधल्या काळात ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायचं ऑफिसात घाटत होतं. मी भांडून अडवलं. पुन्हा घेऊन गेले, तेव्हा तिनं आधी जावेला मागून आरसा धरायला लावला. "पयले पाहून घेतो," म्हणाली. तिनं स्वतः खात्री केली, मगच आम्ही तिला बसवलं. चाकं ढकलत ती दारापर्यंत गेली, ब्रेक लावला आणि रस्त्याकडे बघत बसली. दिरानं माझ्यापुढे चहा ठेवला.