झाकणाच्या लॉकची तार

सेठनी कागद पुढे सरकवला. "सॅम्युअलभाई, यहाँ साइन कर दो. ऑपरेटर की गलती थी, बस."

ऑपरेटर म्हणजे भगवान पाटील. अमळनेरकडचा, राहायला डिंडोलीत. त्याला जाऊन चार दिवस झाले होते.

पांडेसऱ्याच्या त्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, आम्ही दोघं जेट ऑपरेटर. जेट म्हणजे भलंमोठं बंद पिंप समजा. आत एकशेतीस डिग्रीला, प्रेशरखाली पॉलिएस्टर रंगतं. प्रेशर उतरेपर्यंत उघडू नये म्हणून झाकणाला लॉक असतं. पण सीझनमध्ये थांबतो कोण? सेठ म्हणाले, लॉक लागूच नये असं बांधून टाका, गेजवर प्रेशरचा काटा बघून उघडा. मी तारेनं बांधलं. मोठा शहाणाच मी. सहा महिने काही झालं नाही. त्या रविवारी गेजच्या नळीत रंगाचा गाळ बसला होता. काटा शून्यावर बघूनच भगवाननं झाकण उघडलं. आत प्रेशर तसंच होतं.

आणि ती ड्यूटी माझी होती. मी ख्रिस्ती, मला रविवारी सकाळी चर्चला जायचं असे. वर्षभर माझे रविवार भगवान करायचा. बदल्यात श्रावणातल्या कानबाईच्या रविवारी, त्याच्या देवीच्या सणाला, मी चर्च सोडून त्याची ड्यूटी करायचो. "तुझा देव दर आठवड्याला बोलावतो, आमची कानबाई वर्षातून एकदा. नुकसानीत मीच," असं म्हणून हसायचा.

सेठना म्हटलं, उद्या सही करतो. निघालो तो चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो.

ते म्हणाले, "देव आपल्यापेक्षा शहाणा आहे, सॅम्युअल. भरवसा सोडू नकोस."

मी चिडलो. "मी त्याच्या घरात गाणी म्हणत होतो, साहेब. तेव्हाच भगवान भाजला. हे कसलं शहाणपण?"

"मला नाही ठाऊक," म्हणाले. "तुला जे ठाऊक आहे, तेवढं तरी खरं सांग."

तिथून डिंडोलीला गेलो. भगवानची बायको, सुमनवहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. चूक भगवानचीच, असं लोक आधीच बोलून गेले होते. त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, त्यास्नी चूक व्हती का?"

मी तारेचं सांगितलं. ड्यूटीचंही सांगितलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या रडल्या, मीही रडलो. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे सरकारी सायबाले सांगशात?"

दुसऱ्या दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. सेठच्या कागदावर सही न करता मी लिहून दिलं: लॉक मी बांधलं, सेठच्या सांगण्यावरून. भगवाननं सांगितल्याप्रमाणेच काम केलं. रिपोर्टमध्ये त्याची चूक लागली नाही. माझी नोकरी संध्याकाळीच गेली. दोन महिन्यांनी सचिन गावातल्या दुसऱ्या कारखान्यात जेटवरच लागलो.

पुढच्या श्रावणात कानबाईचा रविवार आला. नव्या ठिकाणी माझी सुट्टी होती. तरी जाऊन ड्यूटी केली. झाकण उघडण्याआधी लॉक दोनदा तपासलं.

प्रार्थना मी सोडली नाही, आणि विचारायचंही सोडलं नाही. भगवान का गेला हे देव जाणे. त्याच्या शहाणपणावर माझा भरवसा आहे. पण तार त्यानं बांधली नव्हती.