समुद्र (वेळ मिळाल्यास)

गेल्या वर्षी सप्टेंबरपासून दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या हॉलमधल्या रेडिएटरवर एक निळी रबरी टोपी वाळत पडलेली असायची. तिच्याशेजारी काळा स्विमिंग कॉस्च्यूम, आणि खाली कार्पेटवर पाण्याचा बशीएवढा ओला डाग. हिवाळ्यात बाहेर कॉव्हेंट्रीचा अंधार चार वाजताच पडलेला, काचेवर पाऊस, आणि घरभर क्लोरीनचा वास. हळूहळू मला तो वास आवडायला लागला होता. वरण उकळत असलं की दोन्ही वास एकमेकांत मिसळायचे, आणि मी सोफ्यावर डोळे मिटून पडलो की कुठल्यातरी उबदार, न पाहिलेल्या गावी गेल्यासारखं वाटायचं.

टोपी माझ्या बायकोची. एकोणपन्नासाव्या वर्षी तिनं पोहायला शिकायचं ठरवलं आणि लेझर सेंटरच्या तरणतलावावरच्या बायकांच्या क्लासला नाव घातलं. ती मूळची नागपूरची. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर माझ्या गावी, आणि तेव्हाही साडी पोटऱ्यांपर्यंत उचलून ती काठावरच उभी राहिली होती.

मी रत्नागिरीकडचा. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर. त्यामुळे इथल्या हॉस्पिटलात सगळ्यांची समजूत आहे की मी पट्टीचा पोहणारा असणार. ती समजूत मी कधी दूर केलेली नाही. खरं सांगायचं तर मला अजिबात पोहता येत नाही. लहानपणी आईनं बजावलं होतं, पाणी गुडघ्याच्या वर आलेलं चालणार नाही. मी आज्ञाधारक मुलगा. पन्नाशी उलटली तरी गुडघ्याच्या वर गेलेलो नाही.

ईस्टरच्या सुट्टीत कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर जायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "बाकी तुम्ही काय पाहायचं ते पाहा. मला एकदा खऱ्या समुद्रात पोहायचंय. आणि तुम्ही काठावर उभं राहायचं, माझा चष्मा धरून."

"एवढंच?"

"एवढंच. आमच्या टीचरनं सांगितलंय, समुद्रात एकटं उतरायचं नाही. आपल्याकडे बघणारं कुणीतरी काठावर पाहिजे."

यात अवघड काहीच नव्हतं. अवघड झालं ते माझ्यामुळे.

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाला झोपवायचं, मग तो जागा होईपर्यंत मॉनिटरकडे बघत बसायचं, हा माझा धंदा. कुठलीही गोष्ट नशिबावर सोडायची नाही ही सवय तिथून लागली. दुसरी सवय वडिलांकडून आली. आमच्या घरात कुणी कुठं फिरायला जात नसे, आम्ही ठिकाणं 'करत' असू. महाबळेश्वर दीड दिवसात केलं, चौदा पॉइंट. उतरा, बघा, फोटो, चढा. एखादा पॉइंट राहिला तर वडील घरी येईपर्यंत गप्प असत, आणि पुढं कित्येक वर्षं तो राहिलेला पॉइंट जेवताना निघायचा.

तर मी तक्ता केला. नऊ दिवस, रोजचे चार पॉइंट, कुठं काय खायचं, कुठं फोटो चांगला येईल. शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ते चारच्या ओळीत लिहिलं: समुद्र (वेळ मिळाल्यास).

बायकोनं तो कागद वाचला, फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला आणि काही बोलली नाही. टेबलावरचा पेशंट इतका शांत झाला असता तर मी ताडकन मॉनिटरकडे बघितलं असतं.

बेटावर उतरलो तेव्हा कुकरचं झाकण उघडावं तशी ऊब अंगावर आली. ते पहिले दिवस आता आठवताना एकात एक मिसळतात. डोंगरातून वळत जाणारा रस्ता, प्रत्येक वळणाखाली समुद्राचा एक तुकडा, आणि प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा. केळीच्या बागांत घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, जणू सगळी केळी रेनकोट घालून शाळेला निघाली आहेत. कुंपणाला जास्वंद, अंगणात चाफा, परसात फणसाचा धाकटा भाऊ, नीरफणस. मला सारखं वाटायचं की मी आपल्याच गावात आलोय, फक्त इथं "कधी आलास, किती दिवस आहेस?" असं विचारणारं कुणी नाही. समुद्रातून सरळ वर निघालेले दोन टोकदार डोंगर दिवसभर आमच्याबरोबर चालायचे. कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी ढगात अर्धे बुडालेले.

गेस्ट हाऊसच्या मालकीणबाई सकाळी कोकोचा चहा द्यायच्या, दालचिनी, तेजपान आणि जायफळ घातलेला. पहिल्या घोटाला बायको म्हणाली, "हे तर बासुंदीचं माहेर दिसतं." नाश्त्याला उकडलेली हिरवी केळी आणि खारवलेला मासा. मी खारवलेल्या माशावर वाढलेला माणूस, तीनदा घेतलं. एका वळणावर एक बाई अख्खा नीरफणस निखाऱ्यांवर काळा होईपर्यंत भाजत बसली होती. तिनं तो फोडला आणि आतून पांढऱ्या गराची वाफ निघाली. त्यावर लोणी. मी तिला आमच्याकडचे तिखटमीठ-रवा लावलेले काप कसे करतात ते समजावून सांगू लागलो. ती बाई हसत मान हलवत होती आणि माझी चौदा वर्षांची लेक माझी बाही ओढत होती. "बाबा, प्लीज. ती तुझी स्टुडंट नाहीये."

आम्हाला फिरवायला एक साठीतले ड्रायव्हर होते. लांबसडक बोटं, सावकाश बोलणं. मला ते 'डॉक' म्हणत आणि बायकोला 'मॅडम डॉक'. पहिले तीन दिवस माझा तक्ता त्यांनी निमूट पाळला. चौथ्या दिवशी म्हणाले, "डॉक, तुम्ही बेट बघायला आलात की तपासायला?"

मी हसलो, आणि पुढच्या पॉइंटची वेळ सांगितली.

ज्वालामुखी झाला. गाडी थेट आत जाते, उकडलेल्या अंड्यांचा वास येतो. तिथल्या चिखलानं अंघोळ करायची असते, म्हणून मी नखशिखांत करडा होऊन उन्हात उभा राहिलो. लेकीनं फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. नागपूरहून माझ्या मेव्हणीनं लगेच विचारलं, "मूर्ती छान झाली. रंग कधी देताय?" मग धबधबा झाला, किल्ला झाला, शनिवारचा बाजार झाला, कोकोचा मळा झाला. बायको सगळीकडे आली, सगळीकडे फोटोत हसली. गाडीत ती नेहमी समुद्राच्या बाजूची खिडकी घ्यायची. काच खाली करून हनुवटी हातावर टेकवून बसायची. वाऱ्यानं केस तोंडावर यायचे, ते ती बाजूला करायची नाही. मला वाटायचं, हिला बेट आवडलंय.

समुद्राचा दिवस उजाडला. कोकोच्या दुसऱ्या एका मळ्यात माझ्यामुळेच उशीर झाला. बिया वाळवायची पद्धत मी दोनदा विचारली. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि काठीवर लाल झेंडा फडकत होता. वारा चढला होता, पाण्यात जायला बंदी. लाटा वाळूवर धपाधप आपटत होत्या.

बायको झेंड्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "राहू द्या. कॉव्हेंट्रीचा पूल काही पळून नाही जाऊन राहिला."

पंचवीस वर्षांत तिची भाषा पुण्या-मुंबईची झालीये. नागपूर बाहेर येतं ते फक्त मनाला लागलं की.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीत बॅगा भरत होती. मी लेकीबरोबर व्हरांड्यात कोकोचा चहा घेत होतो. विमान दुपारचं होतं. शेवटच्या दिवसासाठी माझ्या तक्त्यात एक बाग होती, आणि मग चार तास आधी विमानतळ.

लेक म्हणाली, "बाबा, तुला माहिती आहे ना, आई रोज ड्रेसच्या आतून कॉस्च्यूम घालत होती?"

"रोज?"

"एव्हरी सिंगल डे. तिला वाटायचं, तू कुठंतरी थांबशील." कपात बघत ती पुढं म्हणाली, "आज नाही घातला तिने. पॅक केला."

मी चहा खाली ठेवला. आठ दिवस. इतक्या उकाड्यात. आणि प्रत्येक संध्याकाळी कोरडा.

गाडीत बसल्यावर मी ड्रायव्हरना हळूच विचारलं, "वाऱ्याच्या आड असलेला, शांत समुद्र आहे कुठं? लाल झेंडा नसलेला?"

ते आरशात बायकोकडे बघत म्हणाले, "डॉक, आठ दिवस मी या प्रश्नाची वाट बघतोय."

त्यांनी गाडी नेली ती विमानतळापासून पंधरा मिनिटांवरच्या एका मासेमारांच्या गावात. अर्ध्या चंद्रासारखी खाडी, ओढून ठेवलेल्या रंगीत होड्या, नारळाच्या सावलीत जाळी शिवणारे दोघंतिघं. पाणी इतकं स्वच्छ की होड्यांच्या सावल्या तळावर पडलेल्या दिसत होत्या. वाऱ्याचा आवाज डोंगरापलीकडे राहिला होता.

"हा कोणता पॉइंट?" बायकोनं विचारलं.

"तुझा," मी म्हणालो.

"आता? बॅगा भरून झाल्या. ओले केस घेऊन विमानात बसू? तुम्हाला चार तास आधी पोचायचं असतं ना?"

मी गाडीच्या मागं गेलो. डिकी उघडली, मोठी बॅग वाळूवर आडवी केली आणि उपसायला लागलो. नेला तसा परत चाललेला मेतकुटाचा डबा, सुती पिशवीतली जायफळं, माझे चिखलाचे कपडे, तीन टॉवेल. कॉस्च्यूम अगदी तळाशी होता, निळ्या टोपीत गुंडाळलेला. जाळी शिवणारे हात थांबवून आमचा संसार बघत होते.

बायकोनं पसाऱ्याकडे बघितलं. मग टोपी उचलली. लेकीनं गाडीच्या दाराला टॉवेल धरला.

तिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि पाण्यात चालत गेली. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. तिथं थांबली. मी काठावर उभा, ठरल्याप्रमाणे. ती मागं वळली, डोळे बारीक केले.

"अहो, कुठं आहात?"

"इथंच!"

"हात हलवा!"

मी हात हलवला.

"ते नारळाचं झाड हलून राहिलं की तुम्ही?"

चष्म्याशिवाय तिला काठ म्हणजे नुसते रंग. मी दोन्ही हात हलवले, होडीवर चढून हलवले. ती तशीच उभी. खांदे वर चढलेले, हात पाण्यावर टेकवलेले. मला ते खांदे ओळखीचे होते. ऑपरेशनच्या आधी टेबलावर आडवी झालेली माणसं असेच खांदे घट्ट धरून ठेवतात, कुणीतरी जवळ येऊन बोलेपर्यंत.

मी बूट काढायचे विसरलो. विमानात घालायची क्रीम रंगाची पँट, इस्त्रीचा शर्ट, तसाच आत गेलो. गुडघे. आईची आठवण झाली. मांड्या. कंबर. पाणी खरंच कोमट होतं, दुलईत पाय घालावा तसं. चष्मा डोक्यावर उंच धरून मी तिच्या पलीकडे, खोल बाजूला दहा पावलांवर जाऊन थांबलो, पाणी छातीला लागलं तेव्हा.

"आता दिसता," ती म्हणाली. खांदे खाली आले.

आणि तिनं तोंड पाण्यात घातलं.

निळी टोपी माझ्यासमोरून हळूहळू काठाला समांतर सरकत गेली. हात वर, तोंड बाजूला, श्वास. हात वर, तोंड बाजूला, श्वास. श्वास मोजण्यात माझी हयात गेली, पण त्या दिवशी मी मोजायचं विसरलो. तिची सावली तळावर तिच्या खालून पोहत होती, थोडी मागं राहून, जणू तीही शिकत होती. वर धरलेल्या चष्म्याच्या काचांत दोन छोटे उलटे समुद्र होते. कुठूनतरी भाजलेल्या नीरफणसाचा धूर येत होता. पायाखाली वाळू सरकत होती आणि मला भीती वाटत नव्हती, किंवा वाटत होती पण भीतीकडे बघायला सवड नव्हती.

ती शेवटच्या होडीपर्यंत गेली, वळली, परत आली. माझ्याजवळ उभी राहून धापा टाकत तिनं विचारलं, "किती वेळ झाला?"

"बघितलं नाही."

तिनं ओल्या हातानं चष्मा घातला आणि मला नीट बघितलं. पाणी कुठपर्यंत आलंय ते बघितलं.

"तुम्हाला तर पोहता येत नाही."

"नाही."

"बाप्पा," ती म्हणाली, आणि माझी कोपराजवळची बाही घट्ट धरून मला काठावर घेऊन आली.

लेकीला विचारलं, "फोटो काढलास?" ती दचकली. "आय फर्गॉट." पॉइंटचा फोटो नाही असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच झालं.

विमानतळावर आम्ही जेमतेम वेळेत पोचलो. माझ्या बुटांतून पचपच आवाज येत होता. लंडनच्या गॅटविकला उतरेपर्यंत पँट वाळली होती आणि छातीपासून खाली मिठाची पांढरी नक्षी उमटली होती. बायको शेजारी खिडकीला डोकं टेकून झोपली होती, केसांत वाळू घेऊन.

कॉव्हेंट्रीत पाऊस होता. कॉस्च्यूम रेडिएटरवर गेला, त्याच्या शेजारी माझी पँट. दोन्हींतून बारीक वाळू कार्पेटवर गळत राहिली. शनिवारी मी घरभर व्हॅक्यूम फिरवला आणि तेवढी जागा सोडली.

"रेडिएटरखालची वाळू राहिलीये हो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काढतो," मी म्हणालो. "वेळ मिळाल्यास."